स्कीरोस बेटावरची कोरेला



कार्निव्हल म्हटलं की आपल्याला गोवा आठवतो. किंग मोमोची मिरवणूक, चित्ररथ, रंगवलेले चेहरे. गोव्यातली जुनी माणसं याला 'इंत्रूज' म्हणतात. पोर्तुगीजांबरोबर हा सण आपल्याकडे आला. त्याचं मूळ कारण अगदी स्वयंपाकघरातलं आहे. ईस्टरच्या आधी ख्रिस्ती लोकांचा मोठा उपवास असतो. त्यात मांसमच्छी सोडायची, नाचगाणं आवरायचं. मग उपवास लागण्याआधी घरातलं सगळं खाऊन घ्यायचं आणि हौस फेडून घ्यायची. आपण श्रावण लागण्याआधी करतो, तसंच म्हणा ना.

ग्रीस देशात या दिवसांना 'अपोक्रिएस' म्हणतात. 'अपो' म्हणजे दूर आणि 'क्रेआस' म्हणजे मांस. मांसापासून दूर जाण्याचे दिवस, असा सरळ अर्थ. पण ग्रीक लोक ख्रिस्ती धर्माच्या पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स पंथाचे. त्यांच्या ईस्टरचं गणित जुन्या पंचांगावर चालतं. म्हणून त्यांचा ईस्टर कधी गोव्यातल्या ईस्टरच्याच दिवशी येतो, तर कधी चार-पाच आठवडे मागे पडतो. गोव्यात मंगळवारी कार्निव्हल संपतो आणि राखेच्या बुधवारी उपवास लागतो. ग्रीसमध्ये उपवास सोमवारी लागतो. त्या सोमवाराला ते 'स्वच्छ सोमवार' म्हणतात. ईस्टरच्या अठ्ठेचाळीस दिवस आधी तो येतो. त्याआधीचे तीन आठवडे सणाचे.

या तीन आठवड्यांतले दहा-बारा दिवस आम्ही चौघींनी स्कीरोस नावाच्या बेटावर काढले. आज त्या बेटाबद्दल बोलायचं आहे. प्रवासवर्णन थोडं, इतिहास जास्त. कारण तिथे आम्हाला एक प्रश्न पडला, तो आपल्या सगळ्यांच्या कामाचा आहे. सणात बाईचं सोंग असतं, बाईचे कपडे असतात, बाईने केलेलं खाणं असतं. मग सणाच्या इतिहासात बाई कुठे असते?

आधी बेट कुठे आहे ते सांगतो. ग्रीसच्या पूर्वेला एजियन समुद्र. त्यात शेकडो बेटं. स्कीरोस त्यातलं एक, वस्ती तीन हजारांच्या आसपास. म्हणजे आपल्याकडचं एक मध्यम गाव. अथेन्सहून आधी एव्हिया बेटावरचं किमी बंदर गाठायचं, ते पुलामुळे जमिनीच्या वाटेने गाठता येतं. तिथून बोटीने दोन तासांच्या आत लिनारिया या धक्क्यावर उतरायचं. उन्हाळ्यात इथे पर्यटक येतात. कार्निव्हलच्या दिवसांत मात्र थंडी असते, उत्तरेचा वारा अंगाला झोंबतो, आणि समुद्र खवळला की बोटच सुटत नाही. त्यामुळे घाई करून चालत नाही. आम्हालाही घाई नव्हती.

मुख्य गावाला नुसतंच 'होरा' म्हणतात, म्हणजे गाव. हे गाव एका उंच खडकाच्या उतारावर वसलेलं आहे. पांढरी चौकोनी घरं एकावर एक रचल्यासारखी. गल्ल्या इतक्या अरुंद की दोन बायका समोरासमोर आल्या तर एकीने बाजूला व्हावं. खडकाच्या माथ्यावर जुना किल्ला आणि संत जॉर्जचा मठ. इतक्या उंचावर गाव का? कारण समुद्रातून चाचे येत. शेकडो वर्षं एजियन बेटांवरच्या लोकांनी समुद्रकिनारा सोडून उंचावर, आडोशाला घरं बांधली ती जीव वाचवायला. आज त्या घरांचे फोटो सुंदर दिसतात. ती रचना भीतीतून झाली आहे.

आता सणाकडे वळू. या दिवसांत शनिवार-रविवार आला की गावात आधी आवाज येतो. दुरून येणारा, जड, शेकडो घंटांचा आवाज. मग गल्लीच्या वळणावर तो दिसतो. त्याला 'गेरोस' म्हणतात, म्हणजे म्हातारा. अंगात मेंढपाळाचा काळा केसाळ टोपीवाला अंगरखा. खाली पांढरी लोकरी विजार. चेहऱ्यावर करडाच्या कातड्याचा मुखवटा, त्यात डोळ्यांपुरती भोकं. हातात मेंढपाळाची वाकडी काठी. आणि कमरेभोवती शेळ्यामेंढ्यांच्या गळ्यातल्या खऱ्याखुऱ्या घंटा, दोरांनी आवळून बांधलेल्या. सगळा भार पन्नास किलोपर्यंत जातो. म्हणजे सिमेंटचं एक पोतं कमरेला बांधून डोंगर चढण्यासारखं. गेरोस एका विशिष्ट लयीत पावलं टाकतो, कमरेला हिसका देतो आणि घंटा एकदम वाजतात.

त्याच्याबरोबर असते 'कोरेला'. तिने बेटावरचा जुना बायकी पोशाख घातलेला असतो, चेहराही झाकलेला. हातात रुमाल. ती गेरोसच्या भोवती गिरक्या घेते, त्याला वाट करून देते. पूर्वापार ही भूमिका तरुण मुलगेच करत आले. दशावतार पाहिलेल्यांना यात नवल वाटणार नाही.

तिसरा असतो 'फ्रांगोस'. त्याच्या अंगात पाश्चात्त्य पद्धतीची पँट, पाठीमागे एक मोठी घंटा लटकवलेली. हातात असतो शंख. हो, आपल्या देवघरात असतो तसा समुद्रातला शंख. तो फुंकत, लोकांच्या अंगावर धावत, पोरांना घाबरवत तो फिरतो. हे हसवणारं पात्र.

या 'फ्रांगोस'शी आपलं नातं आहे, ते ऐका. युरोपच्या पश्चिमेकडच्या एका लोकसमूहाचं नाव 'फ्रँक'. पूर्वेकडच्या लोकांनी पश्चिमेकडून येणाऱ्या सगळ्यांनाच ते नाव लावलं. ग्रीकांनी त्यांना 'फ्रांगोस' म्हटलं, अरबी-फारसीत त्याचं 'फिरंग' झालं, आणि तिथून तो शब्द मराठीत आला, 'फिरंगी'. आपल्या जुन्या कागदपत्रांत पोर्तुगीजांना फिरंगी म्हटलेलं आहे. युरोपातून येणाऱ्या पात्याच्या सरळ तलवारीला 'फिरंग' म्हणत. म्हणजे स्कीरोसच्या गल्लीत शंख फुंकणारा तो फ्रांगोस हा आपला फिरंगीच.

ग्रीक बेटांनी फिरंग्यांना फार जवळून पाहिलं. इ. स. १२०४ मध्ये पश्चिमेकडच्या धर्मयोद्ध्यांनी कॉन्स्टँटिनोपल हे शहर लुटलं. आजचं इस्तंबूल ते हेच. मग एजियन समुद्रातली बेटं व्हेनिसच्या सरदार घराण्यांनी आपसात वाटून घेतली. स्कीरोसवर गिझी नावाच्या घराण्याची सत्ता आली. पुढे पंधराव्या शतकात व्हेनिसचा थेट अंमल आला. १५३८ मध्ये तुर्की आरमाराच्या बार्बारोसा या सरदाराने बेट घेतलं. त्यानंतर जवळजवळ तीनशे वर्षं तुर्कांची सत्ता. १८३० च्या सुमारास स्वतंत्र ग्रीस देश उभा राहिला, त्यात स्कीरोस आलं. राज्य करणारे गेले, पण त्यांच्यातल्या एकाची पँट सणात राहिली. ज्याच्यापुढे मान खाली घालावी लागली, त्याचं वर्षातून एकदा सोंग काढायचं, ही गरिबाची जुनी रीत आहे.

गेरोस आणि कोरेला यांच्याबद्दल बेटावर एक गोष्ट सांगतात. एका हिवाळ्यात डोंगरावर मोठा बर्फ पडला. एक मेंढपाळ आणि त्याची बायको कळपासह अडकले. सगळी जनावरं थंडीने मेली. बर्फ ओसरल्यावर मेंढपाळाने मेलेल्या जनावरांच्या गळ्यातल्या घंटा काढल्या, स्वतःच्या कमरेला बांधल्या आणि बायकोसह गावात उतरला. काय झालं ते त्याने तोंडाने सांगितलं नाही. घंटांनीच सांगितलं.

ही गोष्ट ऐकल्यावर घंटांचा आवाज आम्हाला वेगळा ऐकू येऊ लागला. ज्याच्या घरचं जनावर गेलं आहे, त्याला हे समजावून सांगावं लागत नाही. गोठ्यात रिकामी राहिलेली घंटा किती जड असते, ते आपल्यातल्या अनेकींना ठाऊक आहे.

आता पुस्तकं काय म्हणतात ते पाहू. १९०० च्या सुमारास जे. सी. लॉसन या इंग्रज अभ्यासकाने या नाचावर लेख लिहिला. त्याने त्याला 'पशुनृत्य' म्हटलं. पाठोपाठ आर. एम. डॉकिन्स हा दुसरा इंग्रज अभ्यासक आला, त्यानेही स्कीरोसच्या भेटीवर लिहिलं. या काळातल्या विद्वानांना एक ध्यास होता. खेड्यातल्या प्रत्येक सोंगात त्यांना प्राचीन ग्रीक देव दिसत. कातडी पांघरलेला माणूस दिसला की तो मद्याचा देव डायोनिसस याच्या पूजेचा अवशेष.

ग्रीक विद्वानांनाही हे हवंच होतं, आणि त्याला कारण होतं. देश नवा होता. फालमेरायर नावाच्या एका जर्मन विद्वानाने १८३० मध्ये लिहिलं होतं की आजच्या ग्रीकांचा प्राचीन ग्रीकांशी रक्ताचा संबंधच नाही. हा घाव वर्मी लागला. मग आपल्या खेड्यांतल्या चालीरीतींतून प्राचीन काळाशी नातं सिद्ध करण्याचं काम सुरू झालं. निकोलाओस पोलितिस या अभ्यासकाने १८८४ मध्ये लोकजीवनाच्या अभ्यासाला 'लाओग्राफिया' असं नाव दिलं आणि तो विषय उभा केला. काम मोलाचं झालं, शेकडो गाणी-गोष्टी वाचल्या. पण त्यात एक कल राहिला. १९८२ मध्ये मायकेल हर्झफेल्ड या मानववंशशास्त्रज्ञाने एका पुस्तकात तो उलगडून दाखवला. लोकांच्या सणात आजचे लोक बघायचे सोडून फक्त पूर्वज बघितले गेले.

म्हणून 'हा सण तीन हजार वर्षं जुना आहे' असं कुणी सांगितलं, तर आम्ही ते जपून घेतो. दोन गोष्टी सारख्या दिसल्या म्हणजे एकीतून दुसरी आली असं होत नाही. मध्ये दोन हजार वर्षं गेली, धर्म बदलला, राज्यं बदलली. तो धागा सलग दाखवता आला पाहिजे. लेखी पुरावा आहे तो एकोणिसाव्या-विसाव्या शतकातला. आणि मेंढपाळाचा अंगरखा, फिरंग्याची पँट यांनी स्वतःचा इतिहास तर अंगावरच घातलेला आहे. तो काही कमी नाही.

आता आमच्या प्रश्नाकडे येतो. बाई कुठे आहे?

पहिल्या दिवशी आमचीही नजर गेरोसवरच होती. आवाजच तेवढा असतो. पण गावात निवांत राहिलं की दुसऱ्याही गोष्टी दिसतात. घंटा एकट्याने बांधता येत नाहीत, घरातली माणसं लागतात. पेटीतले कपडे आधी काढून वारा द्यावा लागतो. उसवलेलं शिवावं लागतं. कोरेलाचा पोशाख कुणाच्या तरी आजीचा असतो.

स्कीरोसचं भरतकाम प्रसिद्ध आहे. पांढऱ्या कापडावर रंगीत रेशमाने भरलेली शिडाची जहाजं, कोंबडे, तुरेवाला हुदहुद पक्षी, फुलं, माणसं. सतराव्या-अठराव्या शतकातले नमुने आज मोठमोठ्या संग्रहालयांत आहेत. आणि गंमत पाहा, ज्या डॉकिन्सने बेटावरच्या बकऱ्यांच्या नाचावर लिहिलं, त्यानेच ग्रीक बेटांवरचं भरतकाम गोळा केलं. वेस हा त्याचा मित्रही गोळा करत होता. डॉकिन्सचा संग्रह पुढे लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात गेला, वेसचा लिव्हरपूलला. त्या कापडांवर देणाऱ्याचं नाव आहे. भरणारीचं बहुतेक ठिकाणी नाही. जहाज तिने पाहिलं होतं, कदाचित तिचा नवरा त्यावर गेला होता. तिने ते टाक्याटाक्याने उतरवलं. लिहिता न येणाऱ्या बाईने लिहिलेला तो इतिहासच आहे, फक्त त्याखाली सही नाही.

गावातलं फाल्ताइत्स संग्रहालय आम्ही दोनदा पाहिलं. १९६४ मध्ये मानोस फाल्ताइत्स यांनी ते आपल्या घराण्याच्या जुन्या वाड्यात सुरू केलं. तिथे जुन्या स्कीरोसी घराची मांडणी बघायला मिळते. छोटीशी खोली, चूल, नक्षीच्या बुटक्या खुर्च्या आणि भिंतभर लावलेल्या चिनीमातीच्या ताटल्या. खलाशी परदेशातून त्या आणत. जेवायला नाही, दाखवायला. आपल्याकडे फळीवर घासूनपुसून पितळेची भांडी मांडत, तसंच.

ही घरं बहुधा मुलीला मिळत. एजियन समुद्रातल्या अनेक बेटांवर मुलीच्या लग्नात तिला घर देण्याची रीत होती, स्कीरोसही त्यातलंच. म्हणजे लग्न झाल्यावर मुलगी सासरी जायची नाही, नवराच तिच्या घरी यायचा. आई, मावशी, बहीण हाकेच्या अंतरावर. हे ऐकून आमच्यातली एक पटकन म्हणाली, "मग तर बरंच होतं की!" बरं होतंच, पण पूर्ण नाही. हे घर हुंडा म्हणून दिलं जायचं. ते उभं करण्यासाठी बाप आणि भाऊ वर्षानुवर्षं राबत, आणि ज्याच्याकडे द्यायला काही नाही त्याची मुलगी बिनलग्नाची राहण्याचा धोका असे. घर बाईच्या नावचं, आवाज मात्र बाईचा नाही. ग्रीसमध्ये स्त्रियांना संसदेच्या निवडणुकीत मतदानाचा पूर्ण हक्क १९५२ मध्ये मिळाला. हुंड्याची कायदेशीर प्रथा १९८३ च्या कायद्याने रद्द झाली. त्याच कायद्याने लग्नानंतरही बाईचं माहेरचं नाव कायम ठेवलं. लोकशाहीची जन्मभूमी म्हणून ज्या देशाचं नाव घेतात, तिथली ही सालं आहेत.

अशा बेटावर कोरेला हे पात्र मुलगे करत. बाईने चेहरा झाकून रस्त्यावर नाचणं चालणारं नव्हतं. बाईचे कपडे नाचले तर चालत होतं, बाई नाही. आता हे बदललं आहे. आज मुली स्वतः कोरेला होतात. एका संध्याकाळी आमच्याजवळ थांबून एका कोरेलाने दम घ्यायला चेहऱ्यावरचं कापड वर केलं. आत सोळा-सतरा वर्षांची घामाघूम मुलगी होती. आमच्याकडे बघून हसली, कापड खाली ओढलं आणि गेरोसच्या मागे पळाली.

बाईच्या कपड्यातल्या पुरुषाची एक फार जुनी गोष्टही याच बेटाची आहे. ट्रॉयचं युद्ध होणार होतं. अकिलीस युद्धाला गेला तर परत येणार नाही, हे त्याची आई थेटिस हिला कळलं होतं. तिने त्याला मुलीचे कपडे घालून स्कीरोसच्या राजाच्या मुलींमध्ये लपवलं. पण ओडिसियस व्यापारी बनून आला. त्याने दागिने मांडले आणि त्यात शस्त्रं ठेवली. मुली दागिन्यांकडे वळल्या, अकिलीसने शस्त्र उचललं. पकडला गेला, युद्धावर गेला आणि मेला. होमरच्या 'इलियड'मध्ये ही गोष्ट नाही, नंतरच्या लेखकांनी ती सांगितली. पुस्तकांत ओडिसियसच्या चातुर्याचं कौतुक आहे. आम्हाला मात्र त्या आईचं वाटत राहिलं. तिने आपल्याजवळ होतं ते वापरलं, बायकांचे कपडे.

बेटाच्या दक्षिणेला ऑलिव्हच्या झाडांत एक थडगं आहे. रूपर्ट ब्रूक या तरुण इंग्रज कवीचं. पहिल्या महायुद्धात तो गॅलिपोलीच्या लढाईला निघाला होता. वाटेत रक्तदोष होऊन २३ एप्रिल १९१५ रोजी स्कीरोसजवळ जहाजावरच गेला. वय सत्तावीस. गावात त्याच्या नावाचा चौक आहे आणि कवितेचं प्रतीक म्हणून उभारलेला पुतळाही. पण त्याच्या आईचं नाव किती जणांना माहीत असेल? मेरी रूथ ब्रूक. थोरला मुलगा १९०७ मध्ये आजाराने गेला. १९१० मध्ये नवरा गेला. १९१५ च्या एप्रिलमध्ये रूपर्ट, आणि त्याच जूनमध्ये धाकटा आल्फ्रेड फ्रान्समधल्या आघाडीवर. थेटिसची गोष्ट पुराणातली म्हणून सोडून देऊ, पण ही तर परवाची आहे.

स्वच्छ सोमवारी घंटा थांबल्या. त्या दिवशी मुखवटे नसतात. चौकात लोक जुने पोशाख घालून, हातात हात घालून फेर धरतात, त्यात बाया पुढे असतात. ताटात 'लागाना' नावाची चपटी, तीळ लावलेली रोटी, ती वर्षातून याच दिवशी करतात. सोबत ऑलिव्ह, शेंगाभाज्या, माकूळ, आणि शेवटी 'हलवास'. नाव ऐकून आम्ही खूश झालो, कारण अरबीतून निघालेला हा शब्द त्यांच्याकडे आणि आपल्याकडे दोन वाटांनी पोचला आहे. त्यांचा हलवा मात्र तिळाच्या कुटाचा असतो. उपवासात मांस, दूध, अंडी चालत नाहीत, म्हणून तीळ.

मैत्रिणींनो, जत्रेत, सणात, मिरवणुकीत सगळ्यांत मोठा आवाज ज्याचा, त्याचाच इतिहास बहुधा लिहिला जातो. बाकीचा इतिहास पेटीत घडी घालून ठेवलेला असतो. तेव्हा तुमच्या घरात आजीची गोधडी असेल, आईने भरलेला रुमाल असेल, सणाला काढायचं एखादं लुगडं असेल, तर एक काम करा. ते कुणी केलं, कोणत्या साली, कोणत्या गावात, हे चिठ्ठीवर लिहा आणि त्या घडीत ठेवा. नाव पूर्ण लिहा. माहेरचं आणि सासरचं, दोन्ही.